झाडपाला, गोळी आणि यकृत

“आणखी कोणते औषध चालू आहे का?” असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा माझ्या आईने पदराने घाम पुसत उत्तर दिले, “नाई जी. तुमच्याच गोळ्या चालू हायेत.” मी तिच्या शेजारीच उभी होते आणि मीही मान हलवली. बाहेर आल्यावर मी तिला म्हणाले की, ते सिरप चालू आहे ना. त्यावर ती म्हणाली, “ते का औषध हाये? ते तं झाडपाल्याचं हाये. त्यानं का होते?”

माझा धाकटा भाऊ दहावीत होता. त्याला लहानपणापासून फिट येतात. फेनिटॉइनच्या गोळ्यांनी त्याची प्रकृती ताळ्यावर आली होती व चौदा महिने एकही फिट आली नव्हती. परीक्षा जवळ आली तशी बाबांनी कापसाच्या चुकाऱ्यातून त्याच्यासाठी बुद्धिवर्धक सिरपची बाटली आणली. अभ्यास लक्षात राहावा एवढाच हेतू. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. मुलाच्या डोक्यात चार अक्षरे जास्त राहावीत म्हणून बापाने बाटली आणली, यात हसण्यासारखे काही नाही. तीन-साडेतीन आठवड्यांनी भावाला शाळेच्या व्हरांड्यात फिट आली.

ती सिरपमुळेच आली असे मी म्हणत नाही, आणि म्हणू शकतही नाही. त्या दिवसांत तो रात्री एक-एक वाजेपर्यंत जागत होता, आणि जागरणाने फिट येते हे डॉक्टर सांगतातच. रक्तातील औषधाची पातळी तेव्हा कोणी तपासली नाही. परंतु बाटलीवरच्या यादीत शंखपुष्पी हे नाव मी वाचले होते आणि तेवढ्यावरून पुढचे सारे शोधत गेले. मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्र दहावीनंतर सुटले. फार्मसी शिकणाऱ्या एका मैत्रिणीने अनेक संध्याकाळी माझ्याबरोबर बसून मला हा विषय समजावून दिला. प्रस्तुत लेखात चुका आढळल्यास त्या माझ्या समजाव्यात.

आता मूळ विषयाकडे वळू. गोळी गिळली की ती पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात जाते, आणि सर्व शरीरभर पोचण्याआधी तिला यकृताच्या नाक्यावरून जावे लागते. यकृत त्या द्रव्याला परके समजते. तेथे विकरे, म्हणजे एन्झाइम्स, त्याची मोडतोड करून ते पाण्यात विरघळेल असे करतात, मग ते लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर टाकले जाते. या कामात सर्वांत मोठा वाटा सायटोक्रोम पी-४५० या विकरांच्या कुळाचा आहे. कार्बन मोनॉक्साइडशी संयोग झाला असता हे रंगद्रव्य ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषते, म्हणून १९६२ साली ओमुरा व सातो या जपानी शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिले. माणसात या कुळाची ५७ जनुके आहेत. त्यांतील थोडीच औषधांच्या कामी येतात, आणि ३ए४ या एकट्या विकराकडे आजच्या औषधांपैकी फार मोठा हिस्सा जातो.

मला एक प्रश्न पडला होता. गोळ्या तर शंभर-दीडशे वर्षांतल्या, मग त्या मोडणारी विकरे यकृतात आधीपासून कशी? उत्तर वाचून मी चकित झाले. ही विकरे गोळ्यांसाठी मुळी नाहीतच. झाडाला पळता येत नाही. आपल्याला खाणाऱ्या प्राण्यापासून बचाव करण्यासाठी ते पानांत, मुळांत, बियांत कडू, तिखट व विषारी द्रव्ये साठवते. प्राण्यांनी ती पचवण्यासाठी कोट्यवधी वर्षांत ही विकरे विकसित केली, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे आपले यकृत मुळात झाडपाल्याशीच झुंजण्यासाठी तयार झालेले आहे. गोळी ही तिथे नंतर आलेली पाहुणी. तेव्हा “झाडपाल्यानं का होते” या आईच्या प्रश्नाचे उत्तर असे की, यकृताला झाडपाला आणि गोळी यांतला भेद कळतच नाही.

आपल्या कोरपना-राजुऱ्याकडच्या वाचकांना एका दाखल्याने हे लवकर समजेल. हंगामात जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. समजा, आत दहा यंत्रे चालू आहेत आणि तासाला ठरावीक गाड्या रिकाम्या होतात. त्यातील पाच यंत्रे कोणी अडवून धरली तर रांग रस्त्यापर्यंत येते. औषधाच्या बाबतीत याला विकराचा रोध म्हणतात. औषध मोडले जात नाही, रक्तात साचते, आणि नेहमीचीच मात्रा जास्त झाल्यासारखी बाधते. उलट मालकाने आणखी दहा यंत्रे बसवली तर गाडी येताच रिकामी होते. याला विकराचे उद्दीपन म्हणतात. तेव्हा औषध काम करण्याआधीच शरीराबाहेर जाते. दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. यंत्र अडवायला वेळ लागत नाही, म्हणून रोध काही तासांत दिसतो. नवी यंत्रे बसवायला दिवस लागतात, त्याप्रमाणे नवे विकर तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. त्यामुळे उद्दीपनाचा परिणाम झाला तरी मागे सुरू केलेल्या काढ्याशी त्याचा संबंध कोणाच्या ध्यानातच येत नाही.

फेनिटॉइन या औषधाला हा सगळा प्रकार फारच झोंबतो. फिटवर त्याचा उपयोग होतो हे १९३८ साली दाखवले गेले. रक्तात दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम एवढी त्याची पातळी असावी लागते. खाली गेली तर फिट येते, वर गेली तर तोल जातो, डोळे थरथरतात. शिवाय त्याची विकरे नेहमीच्या मात्रेलाच जवळजवळ भरून गेलेली असतात. जिनिंगची सगळी यंत्रे आधीच चालू असताना दहा गाड्या जास्त आल्या तरी रांग एकदम वाढते, तसे थोड्या जास्त मात्रेनेही पातळी एकाएकी चढते. अशा औषधाशेजारी दुसरे काहीही आणून ठेवणे जोखमीचे.

आता शंखपुष्पीची हकीकत. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी १९९२ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. संशोधकांत दांडेकर, दळवी, जोशी, गोखले अशी आपल्या ओळखीची आडनावे आहेत, डॉ. नीलिमा क्षीरसागर याही त्यांत आहेत. फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांच्या फिटा आटोक्यात होत्या. शंखपुष्पीचे सिरप सुरू केल्यावर त्या पुन्हा येऊ लागल्या. सिरप सहा वनस्पतींचे होते आणि त्यात मद्यार्क नव्हता. एवढ्यावर न थांबता या डॉक्टरांनी उंदरांवर प्रयोग केले. सिरप आणि फेनिटॉइन एकदाच एकत्र दिले तेव्हा रक्तातील फेनिटॉइनची पातळी बदलली नाही, तरीही त्याचा फिट रोखण्याचा गुण मात्र कमी झाला. दोन्ही अनेक दिवस एकत्र दिल्यावर गुण तर कमी झालाच, पण पातळीही खाली आली. गंमत अशी की, एकटे सिरप दिले असता त्याच्यात स्वतःचा फिट रोखण्याचा काही गुण आढळला.

हा निबंध मी चार वेळा वाचला. पहिल्यांदा वाटले, सापडले! सिरपने यकृताची यंत्रे वाढवली आणि फेनिटॉइन उडवून लावले. पण तसे सरळ म्हणता येत नाही. पहिल्या डोसाला पातळी जशीच्या तशी असताना गुण कमी होतो, याचा अर्थ मेंदूतही काही घडत असले पाहिजे. अनेक दिवसांनंतर पातळी घटली, तिथे यकृताकडे बोट दाखवता येते. म्हणजे एकाच बाटलीने दोन वाटांनी घाला घातला. आणि दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की दुप्पट चांगले होते, हा आपला घरगुती हिशेब इथे पार चुकला. फिट रोखणारे एक आणि फिट थोडी रोखणारे दुसरे, यांची बेरीज वजाबाकी झाली.

याच फेनिटॉइनची दुसरी बाजू मिरीने दाखवली. काळी मिरी व पिंपळी यांचा तिखटपणा पायपेरिन या द्रव्यामुळे असतो. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. अटल आणि त्यांचे सहकारी यांना प्रश्न पडला की, आयुर्वेदातल्या इतक्या पाठांत सुंठ, मिरी, पिंपळी हे त्रिकटू का येते? त्यांनी १९८१ साली दाखवले की त्रिकटूमुळे इतर औषधे रक्तात जास्त पोचतात, आणि १९८५ साली त्याचे कारण दिले, ते म्हणजे पायपेरिन यकृतातील औषध मोडणाऱ्या विकरांना अडवते. पुढे चंदीगडच्या डॉक्टरांनी २००६ साली फिटच्या रुग्णांना फेनिटॉइनबरोबर २० मिलिग्रॅम पायपेरिन दिले, तेव्हा रक्तातील फेनिटॉइन वाढलेले दिसले. मिरीत साधारण पाच ते नऊ टक्के पायपेरिन असते. हिशेब केला तर २० मिलिग्रॅम म्हणजे मिरीचे पाच-सात दाणे. खोकल्याच्या काढ्यात माझी आजी याहून जास्त टाकते. अर्थात शुद्ध पायपेरिनची मात्रा आणि काढ्यातले दाणे यांना एकाच मापाने मोजता येत नाही. रोजच्या भाजीतल्या चिमूटभर मिरीने कोणी घाबरून जावे असेही नाही.

पूर्वजांना विकरे ठाऊक नव्हती, पण त्रिकटू घातले की औषध लागू पडते हे ठाऊक होते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. याच तत्त्वावर क्षयरोगाच्या रिफँपिसिनची मात्रा कमी करून तिला पायपेरिनची जोड देण्याचा प्रयत्न आपल्या देशात झाला. मुंबईतही के. ई. एम. मधील डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रिकटू व रिफँपिसिन यांच्या संबंधावर १९८२ साली निबंध लिहिला होता. मात्र १९९९ साली सशांवर झालेल्या प्रयोगात त्रिकटूने रिफँपिसिन वाढण्याऐवजी घटलेले दिसले. शुद्ध पायपेरिन एक आणि संपूर्ण त्रिकटू दुसरे. सुंठही त्यात आपला काही डाव खेळत असेल. असो.

रिफँपिसिनचे नाव निघालेच आहे तर सांगते. ते स्वतः यकृतातील विकरांचे अत्यंत प्रबळ उद्दीपक आहे. आपल्या जिल्ह्यात क्षयाचा सहा महिन्यांचा कोर्स घेतलेली माणसे गावोगाव आहेत. त्या काळात गर्भनिरोधक गोळी घेणारी बाई निर्धास्त राहिली तर फसते, कारण गोळीतील द्रव्य नेहमीपेक्षा कितीतरी लवकर मोडले जाते. ज्या बाईला दोन्ही गोळ्या चालू आहेत तिला हे कोणी सांगते का, हे मी आमच्या वस्तीत तिघींना विचारले. तिघींनीही नाही म्हटले. तिघींवरून जिल्ह्याचा निष्कर्ष काढता येत नाही हे मला कळते, पण लिहिल्यावाचून राहवले नाही.

परदेशांतही ही गोष्ट अपघातानेच उघडकीस आली. कॅनडात डॉ. बेली हे रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते तपासत होते. मद्याची चव झाकण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा, म्हणजे आपल्या पपनसाच्या जातभाईचा, रस वापरला. औषधाची पातळी अपेक्षेपेक्षा फारच वर गेली. दोष मद्याचा नसून रसाचा, हे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या रसातील द्रव्ये आतड्याच्या अस्तरातील ३ए४ विकर निकामी करतात आणि नवे तयार होईपर्यंत एक ते तीन दिवस जातात. नागपुरी संत्रे याच घराण्यातले असले तरी गोड संत्र्यात ही द्रव्ये नगण्य असतात, एवढा दिलासा. दुसरी गोष्ट स्वित्झर्लंडची. झुरिच येथे हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांनी सेंट जॉन्स वर्ट ही उदासीनतेवरची वनस्पती घेतली. तिने यकृतातील विकरे वाढवली, नवे हृदय टिकवून धरणाऱ्या सायक्लोस्पोरिनची पातळी घसरली, आणि शरीर ते हृदय नाकारू लागले. ही हकीकत २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आली.

आपल्याकडचे काय? मी तेंदूपत्त्यापासून सुरुवात करते. उन्हाळ्यात आपल्या भागातील कितीतरी घरे तेंदूपत्त्याच्या मजुरीवर चालतात. त्या पानाची बिडी ओढली की धुरातील काजळीसारखी द्रव्ये यकृतातील १ए२ हे विकर वाढवतात. दम्याचे थिओफिलिन हे औषध याच विकराने मोडले जाते, म्हणून बिडी ओढणाऱ्याला ते कमी पुरते. आणि तो माणूस दवाखान्यात भरती झाला, बिडी सुटली, की काही दिवसांत तीच मात्रा त्याला जास्त होते. हे काम धुराचे आहे, तंबाखूचे नव्हे. त्यामुळे खर्रा खाणाऱ्याच्या बाबतीत असे घडत नाही. (खर्रा खाणाऱ्यांनी यावरून खूश होऊ नये, त्याचे तोंडावर काय परिणाम होतात ते सर्वांना दिसतातच.)

मोहाच्या दारूचेही तसेच. फूल जंगलातले असले तरी भट्टीतून उतरते ते इथेनॉलच. रोज पिणाऱ्याच्या यकृतात २ई१ हे विकर वाढलेले असते. हे विकर पॅरासिटामॉलच्या काही भागाचे एका विषारी द्रव्यात रूपांतर करते. ते विष निकामी करणारा साठा अशा माणसाच्या यकृतात आधीच आटलेला असतो, विशेषतः तो उपाशी राहत असेल तर. तापात डोके दुखते म्हणून चार-चार गोळ्या गिळणाऱ्या पिणाऱ्यांची यकृते का बिघडतात ते यावरून ध्यानात यावे.

गडचिरोलीकडे हिवताप फार. तापावर काडेचिराईत, ज्याला कोणी भुईनिंब म्हणतात, त्याचा कडू काढा घेतात. त्यातील कडू द्रव्याचा यकृतातील काही विकरांवर परिणाम होतो असे प्रयोगशाळेत दिसले आहे. परंतु बशीतल्या पेशी आणि चालता-बोलता माणूस यांत अंतर असते. अशा निष्कर्षांवरून काढा बंद करा असे मी कोणाला सांगणार नाही. हिवतापाच्या औषधांपैकी आर्टेमिसिनिन हेच मुळात एका चिनी वनस्पतीतून आलेले आहे. त्याच्या शोधासाठी तू यूयू यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची खोड अशी की, ते आपल्यालाच मोडणारी विकरे वाढवते आणि चार-पाच दिवसांत त्याची स्वतःची पातळी खाली येऊ लागते.

शेवटी गुळवेल. करोनाच्या काळात आपल्या बांधावरची ही वेल शहरात सोन्याच्या भावाने गेली. मुंबईत सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉ. आभा नागराल व सहकाऱ्यांनी २०२१ साली नोंदवले. इथे प्रश्न विकरांच्या वेगाचा नव्हता. यकृतालाच सूज आली होती, आणि काहींच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती. आयुष मंत्रालयाने या निबंधावर आक्षेप घेतला. वापरलेली वेल खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे तपासले नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या वर्षी देशातील १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. आणि याच मुंबईत, डॉ. डहाणूकरांच्या चमूने १९९३ च्या सुमारास दाखवले होते की, पित्तमार्ग अडल्याने कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी गुळवेल दिल्यास फायदा होतो. एक वेल, एक शहर, दोन निष्कर्ष. मला दोन्ही खरे वाटतात. कोणाला दिली, किती दिली, किती दिवस दिली आणि सोबत काय होते, हे प्रश्न दोन्हीकडे वेगळे आहेत.

मंत्रालयाचा आक्षेप मला आमच्या आठवडी बाजारात आठवला. तेथे जमिनीवर कापड अंथरून मुळ्या, साली, गाठी विकणारे म्हातारेबाबा बसतात. एका करड्या मुळीकडे बोट दाखवून मी विचारले, “बाबा, हे कशाचं जी?” ते म्हणाले, “ताकतीचं.” मी पुन्हा विचारले, “पण झाड कोणतं?” त्यांनी गोंडीत एक नाव सांगितले. ते नाव मी आमच्या वर्गातील कोलाम मैत्रिणीला सांगितले, तर तिच्या माणिकगडाच्या पहाडावरच्या गावात त्या झाडाला दुसरेच नाव. फार्मसीच्या मैत्रिणीच्या पुस्तकात दोन्ही नावे नाहीत. त्या म्हाताऱ्याला झाड पक्के माहीत आहे, डॉक्टरांना विकर पक्के माहीत आहे, आणि मध्ये नावच नाही.

भावाचे सिरप बंद झाले. त्याच्या गोळ्या चालू आहेत, दहावी झाली, आता तो अकरावीला आहे. गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारायच्या आत आईने कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. सिरपची उरलेली बाटली, काढ्याची पुडी, आजीचा हिरडा, बाबांची दुखण्यावरची गोळी, आणि बाजारातील ती करडी मुळी. डॉक्टरांनी चष्मा वर करून एक-एक वस्तू पाहिली. बाटलीवरचे वाचून ती बाजूला ठेवली. मुळी हातात घेऊन वास घेतला आणि विचारले, “हे काय आहे?”

आई माझ्याकडे पाहू लागली.